किरणोत्सव सूर्याचा, मग चंद्राचं काय?

पेठेतली_ऋता | १० नोव्हेंबर, रात्री ९.२०

आज लेकीला घेऊन कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाला गेले होते. ती पाचवीत आहे. आत उभं राहायला जागा मिळाली नाही, म्हणून बाहेर पडद्यावर बघितलं. मावळतीचं ऊन महाद्वारातून गरुड मंडपात येतं, तिथून कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असं एकेक टप्पा ओलांडत आत देवीच्या मूर्तीपर्यंत सरकतं. तेवढा वेळ एवढी मोठी गर्दी एकदम गप्प होते. दरवर्षी बघते, तरी दरवर्षी घशात आवंढा येतो.

परत येताना वर अर्ध्याहून थोडा मोठा चंद्र होता. लेक म्हणाली, "आई, हे सगळं सूर्यानं केलं. चंद्र काहीच करत नाही का?" मी म्हटलं, भरती-ओहोटी करतो की. तर म्हणे, "पण आपल्याकडं समुद्रच नाही." पुढं लगेच दुसरा प्रश्न: "सूर्य एवढा मोठा आहे, मग तो चंद्राला आपल्यापासून ओढून का नेत नाही?"

घरी आल्यावर जेवण होईपर्यंत विचार केला. दोन्ही प्रश्नांची नीट उत्तरं मला देता आली नाहीत. इथं जाणकार आहेत म्हणून विचारते. पाचवीतल्या पोरीला समजेल असं सांगाल का?

---

तांबडा_पांढरा | १० नोव्हेंबर, रात्री ९.४१

पोरगी हुशार आहे ताई. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं वाटतंय मला. चंद्र आपल्या जवळ आहे, सूर्य लांब. त्यामुळं चंद्रावर पृथ्वीचीच ओढ जास्त.

---

भौतिकमास्तर | १० नोव्हेंबर, रात्री १०.३०

तांबडा_पांढरा, मीही कॉलेजात असताना असंच धरून चाललो होतो. एकदा कागदावर आकडेमोड केली आणि चकित झालो. चंद्रावर सूर्याची ओढ पृथ्वीच्या ओढीपेक्षा जास्त आहे, आणि थोडीथोडकी नाही, दुपटीहून जास्त. चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर, सूर्य साधारण १५ कोटी किलोमीटरवर. पण सूर्याचं वस्तुमान पृथ्वीच्या ३ लाख ३३ हजार पट आहे. अंतराचा वर्ग करून भागलं तरी सूर्यच वरचढ ठरतो.

म्हणजे ऋताताई, तुमच्या लेकीची शंका रास्त आहे. मग सूर्य चंद्राला नेत का नाही? कारण तो पृथ्वीलाही जवळजवळ तेवढ्याच जोरानं ओढतोय. दोघं एकाच चालीनं सूर्याकडं वळत राहतात. तिला असं सांगा: तुम्ही दोघी एस.टी.त बसलाय, तिचा हात तुमच्या हातात आहे. गाडी किती का जोरात जाईना, ती दोघींना सारखीच नेते, म्हणून हात सुटत नाही. इथं गाडीचा वेग सेकंदाला ३० किलोमीटर आहे, एवढाच फरक.

अजून एक गंमत. आपण चित्र काढतो त्यात चंद्र पृथ्वीभोवती गिरक्या घेत सूर्याभोवती जातो, तारेच्या स्प्रिंगसारखा. खरी वाट तशी नसते. चंद्राची सूर्याभोवतीची वाट मापात काढली तर तिचा बाक कायम सूर्याकडंच राहतो. ती कुठंही मागं वळत नाही, नुसती हलकी आत-बाहेर होते.

---

पेठेतली_ऋता | १० नोव्हेंबर, रात्री १०.५२

मास्तर, एस.टी.चं पटलं तिला. पण झोपताना विचारत होती, "मग चंद्र आणि पृथ्वी एकमेकांना धरून का आहेत? एकटं एकटं का जात नाहीत?"

---

गल्लीतली_काकू | ११ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

तिला फुगडी घालायला लावा. माझ्या नातीला मी असंच समजावलं होतं. दोघी सारख्या वजनाच्या असल्या की मधल्या जागेभोवती फिरतात. एक जाड आणि एक बारकी असली की बारकी मोठा फेरा मारते, जाड आपल्या जागेवर नुसती डोलते. पण डोलते जरूर! हात घट्ट धरले म्हणून बारकी उडून जात नाही, आणि दोघी पाय मारत राहतात म्हणून एकमेकींवर आदळत नाहीत.

---

भौतिकमास्तर | ११ नोव्हेंबर, सकाळी ८.०५

काकू, वर्गात सांगायला हे उदाहरण मी घेणार. यातली जाड पृथ्वी चंद्राच्या ८१ पट वजनाची आहे. त्यामुळं दोघांच्या फुगडीचा मध्य पृथ्वीच्या पोटातच येतो, तिच्या केंद्रापासून साधारण ४,७०० किलोमीटरवर. म्हणजे पायाखाली सतराशे किलोमीटर. त्या बिंदूभोवती पृथ्वी दर महिन्याला डोलते. सूर्याभोवती नेमून दिल्यासारखा गोल फिरतो तो हा बिंदू.

---

देवगडवाला | ११ नोव्हेंबर, सकाळी ११.४०

समुद्राचं नाव निघालं म्हणून लिहितोय. आमच्याकडे जुनी माणसं घड्याळ बघत नसत, तिथी बघत. तिथीची पाऊणपट केली की पुऱ्या भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पुनवेला सव्वाअकरा. थोडं पुढंमागं होतं, पण होडी काढायला पुरतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. भांगाच्या दिवसांत पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही.

मला कोडं एकच. चंद्र वर एका बाजूला, मग भरती दिवसातून दोनदा का? आणि सूर्याची ओढ एवढी मोठी तर भरती सूर्याची का नाही?

---

भौतिकमास्तर | ११ नोव्हेंबर, रात्री ९.१०

पाऊणपटीमागं चोख गणित आहे बरं का. पंधरा तिथींत भरती बारा तास पुढं सरकते, म्हणजे तिथीला ४८ मिनिटं. पूर्वजांनी ४५ धरली, तोंडी हिशेबाला सोपी.

आता तुमचं कोडं. भरती ओढीमुळं येत नाही, ओढीतल्या फरकामुळं येते. चंद्राकडच्या बाजूचं पाणी चंद्राला जवळ आहे, त्याला जास्त ओढ. पृथ्वीच्या मध्याला त्याहून कमी, आणि पलीकडच्या पाण्याला सगळ्यांत कमी. म्हणून अलीकडचं पाणी पृथ्वीच्या पुढं झेपावतं आणि पलीकडचं मागं राहतं. दोन्हीकडं फुगवटा. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना देवगड दोन्हींखालून जातं.

सूर्याचं म्हणाल तर पृथ्वीवर त्याची ओढ चंद्राच्या ओढीच्या पावणेदोनशे पटीच्या आसपास आहे. पण तो इतका लांब आहे की अलीकडं आणि पलीकडं फरकच फारसा पडत नाही. चुलीपुढं बसलात तर हातभर मागं सरकलं तरी धग कमी झालेली कळते. मैदानातल्या मोठ्या होळीपासून लांब उभे असाल तर हातभरानं काय होणार? म्हणून भरतीत सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी भरतो. अमावास्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत येतात, जोर मिळतो, उधाण. अष्टमीला काटकोनात असतात, एकमेकांचं काम थोडं मोडतात, भांग.

---

घाटवाट | ११ नोव्हेंबर, रात्री ९.३५

मग आपल्या रंकाळा तलावाला भरती का येत नाही मास्तर? पौर्णिमेला आम्ही भेळ खात तिथंच असतो, कधी पाणी चढलेलं बघितलं नाही 😀

---

भौतिकमास्तर | ११ नोव्हेंबर, रात्री ९.५८

रंकाळ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत ओढीत फरकच पडत नाही, एवढंसं अंतर ते. समुद्राला हजारो किलोमीटर लांबी मिळते म्हणून पाणी वाहून एकीकडं जमतं.

पण तुम्ही भेळ खात होता तेव्हा तुम्ही वर-खाली होत होतात. चंद्र आणि सूर्य नुसतं पाणी उचलत नाहीत, जमीनही उचलतात. खडकाचा पृथ्वीगोल तोही ताणला जातो, आणि उधाणाच्या दिवसांत जमीन तीसेक सेंटीमीटरपर्यंत वर येऊन परत खाली बसते, दिवसातून दोनदा. रंकाळा, भेळेची गाडी, अंबाबाईचं देऊळ, पन्हाळा सगळं एकत्रच वर जातं, म्हणून कुणालाच कळत नाही.

ऋताताई, समुद्र नसलेल्या गावात चंद्र काय करतो, त्याचं हे पहिलं उत्तर.

---

पेठेतली_ऋता | ११ नोव्हेंबर, रात्री १०.०४

अगदी शहारा आला वाचून. उद्या सकाळी पहिलं हेच सांगते तिला.

---

बावड्याचा_ऊस | १२ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

जमीन उचलतो तर नदी पण उचलत असेल. आमच्याकडं म्हणतात पौर्णिमेला पूर वाढतो. २०२१ ला गुरुपौर्णिमेच्या आसपासच पंचगंगा गावात आली. मी स्वतः गुरं सोडवलीत गळ्याएवढ्या पाण्यातनं. त्यामुळं मला कुणी हे थोतांड आहे असं सांगू नये.

---

पूररेषा | १२ नोव्हेंबर, सकाळी १०.२०

दादा, तुम्ही जे भोगलंत ते थोतांड कोण म्हणेल? आमच्या घरातही दोनदा पाणी आलंय. पण कारण वेगळं आहे आणि ते नीट समजलं पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी आपण पुराचा अंदाज आकाशात बघून करू.

२०१९ आठवा. पाणी सर्वांत जास्त होतं ते ६ ते ८ ऑगस्टच्या सुमाराला. त्या वर्षी राखीपौर्णिमा आणि १५ ऑगस्ट एकाच दिवशी होते, म्हणजे पूर आला तेव्हा सप्तमी-अष्टमी होती. देवगडवाल्यांच्या भाषेत चक्क भांग! चंद्र पूर आणत असता तर त्या आठवड्यात पाणी उतरायला हवं होतं. २०२१ ला गाठ पडली ती योगायोगानं, आणि ती पडली म्हणूनच लक्षात राहिली.

पंचगंगा पूर्वेला वाहते. नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, आणि कृष्णा पुढं हजार किलोमीटरहून जास्त वाट काटून बंगालच्या उपसागराला. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर. समुद्राच्या भरतीचा तुंबारा इथवर येऊच शकत नाही. आपला पूर म्हणजे घाटमाथ्यावरचा पाऊस, कासारी-कुंभी-तुळशी-भोगावतीचं एकदम येणारं पाणी, धरणांचा विसर्ग आणि खाली वाडीजवळ कृष्णेच्या पाण्यानं होणारी अडवणूक. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा: ३९ फुटांवर इशारा, ४३ वर धोका. चंद्राकडं बघून गुरं हलवायला उशीर करू नका, एवढी कळकळीची विनंती.

---

बावड्याचा_ऊस | १२ नोव्हेंबर, दुपारी १.३०

२०१९ ची तिथी ध्यानातच नव्हती. बरोबर आहे तुमचं. अष्टमीच होती, कारण पाणी उतरल्यावर राखी आली आणि भैणीला यायला रस्ता नव्हता.

पण मग विहिरीचं काय? माझे वडील म्हणायचे पौर्णिमेला विहिरीला पाणी जास्त असतं.

---

विहीरवाला | १२ नोव्हेंबर, सायंकाळी ७.४५

यात तथ्य आहे, पण ते उघड्या विहिरीला लागू नाही. खोल खडकात दाबून बसलेल्या पाण्यावर घेतलेल्या बोअरची पातळी बारकाईनं मोजली तर ती दिवसातून दोनदा काही सेंटीमीटर वर-खाली होताना दिसते. मास्तरांनी सांगितलं तशी जमीन ताणली-दाबली जाते, खडकातल्या भेगा उघडतात-मिटतात, पाणी हलतं. मोजायला यंत्र लागतं. वडिलांना डोळ्यांनी दिसलं ते बहुतेक उपसा कमी झाल्याचं असणार, सणाला मोटा बंद असायच्या.

---

आबा_५२ | १३ नोव्हेंबर, सकाळी ५.५५

तुम्हा मुलांचं वाचून जुनी गोष्ट वर आली. १६ फेब्रुवारी १९८०. खग्रास सूर्यग्रहण. कोल्हापुरात सूर्य बराचसा झाकणार होता, पण पूर्ण नाही. पूर्ण झाकणाऱ्या पट्ट्यात कर्नाटकच्या किनाऱ्यावरचं अंकोला होतं. मी नोकरीला लागून चारेक वर्षं झालेली. मी आणि एक मित्र, दोघं बेळगावमार्गे एस.टी. बदलत तिथं पोचलो. घरी आईनं रडून घेतलं. ग्रहणात बाहेर पडायचं नाही, हा धाक केवढा!

दुपारची वेळ. उजेड हळूहळू असा झाला की ऊन तर आहे पण त्यात जीव नाही. सावल्या कडक झाल्या, बोटांच्या कडा जमिनीवर कोरल्यासारख्या. मग पश्चिमेकडून अंधार धावत आला. खरंच धावत, डोळ्यांना दिसेल असा. आणि वर सूर्याच्या जागी काळी चकती, भोवती मोत्याच्या रंगाचा मुकुट. शुक्र लखलखत होता. कावळे झाडावर परतले. किनाऱ्यावर एक म्हातारा कोळी हात जोडून उभा होता, माझेही हात आपोआप जोडले गेले. तीन मिनिटंही नाही टिकलं ते. नंतर हिऱ्याच्या अंगठीसारखा एक ठिपका फुटला आणि माणसं ओरडली.

आज बहात्तर वय आहे. असं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. घरी आल्यावर आईनं आधी आंघोळ करायला लावली, मग जवळ बसवून सगळं तीनदा ऐकलं.

---

तांबडा_पांढरा | १३ नोव्हेंबर, सकाळी ८.१०

आबा, लिहीत राहा हो. तुम्ही क्वचित येता.

---

देवगडवाला | १३ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

आबांच्या शेवटच्या ओळीसाठी हा धागा साठवून ठेवला.

---

नवी_सून | १३ नोव्हेंबर, सकाळी ११.०५

ग्रहणावरून विचारते. मला सहावा महिना आहे. सासूबाई म्हणतात ग्रहणात चिरायचं नाही, शिवायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. मला त्यांना दुखवायचं नाही, पण पाणी न पिता राहायला भीती वाटते.

---

डॉक्टर_राजारामपुरी | १३ नोव्हेंबर, दुपारी २.२०

ताई, पाणी प्या, जेवा, औषधं वेळेवर घ्या. ग्रहण म्हणजे सावली. चंद्राची सावली पृथ्वीवर पडते किंवा पृथ्वीची चंद्रावर. त्यातून पोटातल्या बाळाला काही होत नाही. उपाशी-तहानलेलं राहण्यानं मात्र तुम्हाला चक्कर येऊ शकते. जपायचं ते फक्त डोळ्यांना: सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी कुणीच बघायचं नाही. सासूबाईंना माझ्या वतीनं सांगा, चिरायचं-शिवायचं राहू दे त्यांच्या समाधानासाठी, पाणी मात्र राहणार नाही.

---

गल्लीतली_काकू | १३ नोव्हेंबर, दुपारी २.५०

सासूबाईंना शेजारी घेऊन बस आणि आबांचं वाच. माझा अनुभव आहे, भीती अशीच जाते. १५ जानेवारी २०१० च्या सूर्यग्रहणात आम्ही अंगणात लिंबाखाली गेलो, पानांच्या फटींतून जमिनीवर शेकडो चंद्रकोरी पडल्या होत्या. प्रत्येक फट सूर्याचा फोटो काढत होती. माझ्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, त्या आधी दाराआड होत्या. ते ऐकून बाहेर आल्या, पदरावर कोरी झेलत बसल्या.

---

घाटवाट | १३ नोव्हेंबर, रात्री ८.४०

मग दर अमावास्येला ग्रहण का होत नाही? आणि चंद्र एवढासा, सूर्य एवढा प्रचंड, तरी बरोब्बर झाकतो कसा?

---

भौतिकमास्तर | १३ नोव्हेंबर, रात्री ९.३०

चंद्राची वाट पृथ्वीच्या वाटेशी पाच अंशांनी तिरकी आहे. बहुतेक अमावास्यांना चंद्र सूर्याच्या वरून नाहीतर खालून निघून जातो. दोन्ही वाटा जिथं छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. अमावास्या त्या बिंदूंजवळ पडली की सूर्यग्रहण. आपल्या जुन्या ज्योतिर्गणितात हे बिंदू मोजलेले आहेत.

बरोब्बर झाकण्याचं म्हणाल तर सूर्य चंद्राच्या ४०० पट रुंद आणि साधारण तितक्याच पट लांब. आज हे जुळतं, कायमचं जुळणार नाही. चंद्र दरवर्षी ३.८ सेंटीमीटर दूर चाललाय. अपोलो ११, १४ आणि १५ च्या यात्रींनी तिथं आरसे ठेवलेत, त्यांवर लेसर सोडून हे मोजतात. कारण भरतीच! पृथ्वी चंद्रापेक्षा लवकर फिरते, म्हणून तिचा फुगवटा चंद्राच्या थोडा पुढं राहतो आणि चंद्राला पुढं खेचतो. चंद्राला ऊर्जा मिळते, तो लांब जातो. ती ऊर्जा जाते पृथ्वीच्या फिरण्यातून, म्हणून आपला दिवस मोठा होतोय, शतकाला दोनेक मिलिसेकंद. चाळीसेक कोटी वर्षांपूर्वीच्या पोवळ्यांच्या खडकांत रोजच्या वाढीच्या रेषा मोजल्या तेव्हा वर्षाला सुमारे ४०० दिवस निघाले. वर्ष तेवढंच होतं, दिवस छोटा होता.

---

पंचांगप्रेमी | १४ नोव्हेंबर, सकाळी ७.२०

चर्चा छान चालली आहे, पण ऋताताईंचा प्रश्न किरणोत्सवाचा होता, तिकडं येतो. आपल्याकडं बहुतेक सण चंद्रावर चालतात. ज्योतिबाची यात्रा चैत्र पौर्णिमेला, नवरात्र आश्विन शुद्ध प्रतिपदेला. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांचे, सूर्याच्या वर्षाला ११ दिवस कमी. ती तूट भरायला अधिक मास येतो, जसा २०२३ ला अधिक श्रावण आला.

किरणोत्सव मात्र तिथीवर नाही, तारखेवर: ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. म्हणजे तो निव्वळ सूर्याचा. पहिल्या दिवशी चरण, मग छाती, मग मुख. चंद्राचा यात वाटा नाही, असं माझं स्पष्ट मत.

---

कोनमाप | १४ नोव्हेंबर, सकाळी १०.४५

तारखांची जोडी बघा. २१ डिसेंबरला सूर्य दक्षिणेच्या टोकाला. त्याच्या ४१ दिवस आधी १० नोव्हेंबर, ४२ दिवस नंतर १ फेब्रुवारी. जाताना आणि येताना सूर्य एकाच जागी मावळतो, नेमक्या पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेला. तिथून महाद्वार आणि गाभारा एका रेषेत येतात. त्या दिवसांत मावळती रोज सूर्याच्या अर्ध्या बिंबाहून थोडी जास्त सरकते, म्हणून दोन-तीन दिवसच खेळ. आणि सूर्य जसजसा खाली जातो तसतसा किरण आडवा होतो आणि आत खोलवर, वर चढतो. ढग, धूळ, धूर, वाटेतलं बांधकाम यातलं काहीही आड आलं की त्या वर्षी चुकामूक.

हे सगळं घडतं पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला आहे म्हणून. कल नसता तर सूर्य वर्षभर एकाच जागी मावळला असता.

---

तांबडा_पांढरा | १४ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

पण संक्रांत सरकते ना? १८६३ ला ती १२ जानेवारीला होती, स्वामी विवेकानंदांचा जन्म त्याच दिवसाचा. आता १४-१५ ला येते. मग किरणोत्सवही सरकायला हवा.

---

कोनमाप | १४ नोव्हेंबर, दुपारी १२.१५

नाही. संक्रांत आपण ताऱ्यांवरून मोजतो, किरणोत्सव ऋतूंशी बांधलेला आहे, आणि इंग्रजी तारीखही ऋतूंशी बांधलेली. भोवरा डुलतो तसा पृथ्वीचा आस जवळपास २६,००० वर्षांत एक फेरी डुलतो, म्हणून ताऱ्यांचा हिशेब सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस पुढं जातो.

---

भौतिकमास्तर | १४ नोव्हेंबर, रात्री १०.२०

पंचांगप्रेमी, आता मी तुमच्याशी असहमत होतो. तो भोवरा कोण डुलवतं? पृथ्वी विषुववृत्तावर फुगीर आहे, तिथला व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा ४३ किलोमीटरनं जास्त. त्या फुगीर कमरेला सूर्य आणि चंद्र दोघं ओढतात, आणि त्यातला दोन तृतीयांश जोर चंद्राचा आहे. म्हणजे तुमची संक्रांत पुढं सरकते ती जास्त करून चंद्रामुळं.

किरणोत्सवाशी संबंध त्याहून खोल आहे. आस डुलतो, पण त्याचा कल फारसा बदलत नाही. ४१,००० वर्षांत तो साधारण २२ ते साडेचोवीस अंशांमध्येच राहतो. मंगळाला मोठा चंद्र नाही, त्याचा कल लाखो वर्षांत कितीतरी मोठे हेलकावे खातो. १९९३ साली फ्रान्सच्या जाक लास्कार यांनी गणित करून दाखवलं की चंद्र नसता तर पृथ्वीचा कलही असाच भटकला असता. नंतरच्या गणितांत ते हेलकावे त्यांच्या आकड्यांहून लहान आणि संथ निघाले, पण आत्ताचा ठामपणा चंद्रामुळं आहे, याला धक्का लागलेला नाही. गेल्या हजार वर्षांत कल फक्त अंशाच्या आठव्या भागाइतका बदलला. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वीच्या कारागिरानं जी मावळतीची जागा हेरली, तिथून किरणोत्सव अर्ध्या दिवसानंही हललेला नाही.

ऋताताई, लेकीला सांगा: ऊन सूर्याचं, वाट पृथ्वीच्या कलण्याची, आणि तो कल सांभाळून धरण्यात मोठा वाटा चंद्राचा.

---

पंचांगप्रेमी | १४ नोव्हेंबर, रात्री १०.४१

माझं मत मागं घेतो मास्तर. तीस वर्षं पंचांग चाळतोय, हे ठाऊक नव्हतं.

---

शिरोळची_लेक | १४ नोव्हेंबर, रात्री ११.०५

खिद्रापूरला विसरलात सगळे! तिथल्या कोपेश्वराच्या देवळातल्या स्वर्गमंडपाला मध्ये छत नाही, वर्तुळ मोकळं आहे, खाली तेवढीच गोल दगडी रंगशिला. त्रिपुरी पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र त्या वर्तुळाच्या वर येतो आणि चांदणं शिलेवर उतरतं. उद्याच त्रिपुरी आहे. लेकीला घेऊन या. चंद्राचा किरणोत्सव आमच्याकडं.

---

कोनमाप | १४ नोव्हेंबर, रात्री ११.५०

थांबा. आता झोप उडाली माझी.

पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो. किरणोत्सवाच्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या १७ अंश दक्षिणेला. समोरचा बिंदू १७ अंश उत्तरेला. कोल्हापूर कुठं आहे? १६.७ अंश उत्तर. म्हणजे किरणोत्सवाच्या सुमारास पौर्णिमा आली की मध्यरात्री चंद्र आपल्या जवळजवळ डोक्यावर! एकाच रेषेची दोन टोकं: एक टोक अंबाबाईच्या गाभाऱ्यात, दुसरं कोपेश्वराच्या मंडपात.

चंद्राची वाट पाच अंश तिरकी आणि पौर्णिमेची तारीख मागंपुढं, म्हणून तो दरवर्षी बरोब्बर मध्यावर नसणार. बांधणाऱ्यांनी दोन्ही मिळून योजलं असंही मी म्हणत नाही. पण आकाशात ते तसं आहेच.

---

भौतिकमास्तर | १५ नोव्हेंबर, सकाळी ५.३०

मी येतोय खिद्रापूरला. ताई, गाडीत दोन जागा आहेत.

---

पेठेतली_ऋता | १६ नोव्हेंबर, दुपारी १२.३०

जाऊन आलो. रात्री तीनला घरी. लेक रंगशिलेच्या कडेला बसून होती, मान वर करून. सव्वाबाराच्या सुमाराला चंद्र सगळ्यांत उंच होता, मध्यापासून उत्तरेकडं थोडा कललेला. मास्तरांनी तिला हात लांब करून बोटं मोजायला लावली, किती अंश ते तिनंच सांगितलं. खांबांच्या सावल्या एवढ्या आखूड की पायाशीच.

येताना गाडीत तिनं विचारलं, चंद्र डोक्यावर आला, तसा सूर्य कधी येतो? मास्तर म्हणाले, ६ मेच्या सुमाराला दुपारी, आणि परत ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा उभ्या काठीला सावलीच पडत नाही. आज शाळेतून आल्याबरोबर तिनं गच्चीवर केराच्या झाडूचा दांडा पाण्याच्या बादलीत वाळू घालून उभा केलाय. मे लांब आहे म्हटलं, तर म्हणे रोज दुपारी खूण करायची आहे. हलवू नका म्हणून चिठ्ठी चिकटवलीय, वाळवणाच्या दोरीलाही.

---

गल्लीतली_काकू | १६ नोव्हेंबर, दुपारी १.०२

खुणा खडूनं नको, पावसानं जातील. गेरूनं कर म्हणावं.